कापसाच्या गावाहून बर्फाच्या गावाला

बर्फ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? उन्हाळ्यात रसवंतीवाला पोत्यात गुंडाळून ठेवतो तो, नाहीतर हिंदी सिनेमातली नायिका शिफॉनची साडी नेसून ज्यावर नाचते तो! पहिला आपल्या ओळखीचा, दुसरा पडद्यावरचा. त्या पडद्यावरच्या बर्फात आपण पायांना लांबलचक पट्ट्या बांधून घसरू, असं आर्णीसारख्या गावातल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या स्वप्नात तरी यावं का? पण मैत्रिणींनो, तसं घडलं खरं.

आमचं आर्णी यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटरवर. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळं गावाचं नाव दूरवर माहीत आहे. कंबलपोष म्हणजे कांबळं पांघरणारे. पण थंडीशी आम्हा गावकऱ्यांचा संबंध जेमतेमच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. संक्रांतीच्या आसपास दोन-चार आठवडे स्वेटर बाहेर निघतात आणि पुन्हा डांबराच्या गोळ्यांत जाऊन पडतात. चहूकडे कापूस, तूर, सोयाबीन. ह्यांचं कृषी केंद्र आहे, म्हणजे बी-बियाणं आणि खतांचं दुकान. त्यामुळं जून उजाडला की आमच्या घरात एकच विषय: पाऊस कधी येणार? गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहून ह्यांना शेताची हालत कळते. उधारीची वही तर आभाळाकडं डोळे लावूनच बसलेली असते.

दोन वर्षं भिशी भरून मी थोडे पैसे साठवले होते. त्यातून पाटल्या करायच्या ठरल्या होत्या. नागपूरला कॉलेजात शिकणारी लेक घरी आली आणि म्हणाली, "आई, पाटल्या काय, कपाटातच राहतील. आपण गुलमर्गला जाऊ. तिथं स्कीइंग शिकवतात." सासूबाई तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "बाप्पा! बर्फ पाहाले इतल्या दूर कायले जाता? फ्रिज उघडा नं! अन् पडलीस तं हाड कोण जोडीन?"

हाडाची भीती मलाही होती. पण पाटल्या पुढंही होतील, गुडघे मात्र दरवर्षी म्हातारे होत जाणार, हा हिशेब काही चुकीचा नव्हता. फेब्रुवारीत दुकानाला उसंत असते. जाऊबाईंनी सासूबाईंना सांभाळायचं कबूल केलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही तिघं निघालो. नागपूरपर्यंत एसटी, तिथून रेल्वेनं दिल्ली, आणि दिल्लीहून विमानानं श्रीनगर.

बर्फ कुठं आहे?

श्रीनगरपासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. वाटेत टनमर्ग लागतं. तिथून शेवटचा तेरा किलोमीटरचा घाट, दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांचं दाट जंगल. एरवी म्हणे या दिवसांत टायरांना लोखंडी साखळ्या बांधल्याशिवाय गाड्या वर जात नाहीत. आमची गाडी मात्र साखळ्यांविना सुरळीत वर गेली आणि ड्रायव्हरचा चेहरा उतरलेला. मला वाटलं, रस्ता मोकळा आहे तर हा खूश का नाही?

वर पोहोचल्यावर कळलं. गुलमर्ग म्हणजे डोंगरांच्या कुशीतलं मोठं थोरलं गवताळ पठार, उंची सुमारे २,६५० मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरचं! चारी बाजूंना शिखरं पांढरी होती, पण पठारावर बर्फ विरळ. सावलीच्या अंगाला थर होता आणि उन्हाच्या अंगाला वाळलेलं पिवळं गवत डोकं वर काढून बसलेलं. तिथं २२ फेब्रुवारीपासून 'खेलो इंडिया' हिवाळी खेळांच्या बर्फावरच्या स्पर्धा व्हायच्या होत्या, त्याही बर्फाअभावी पुढं ढकलल्या होत्या. देशभरातले खेळाडू तयारीत आणि मैदानच गैरहजर!

काश्मिरात हिवाळ्याचेही आपल्या नक्षत्रांसारखे भाग आहेत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस 'चिल्लई कलान', म्हणजे मोठी थंडी. मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांची 'चिल्लई बच्चा'. मोठ्या थंडीत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळाभर हळूहळू वितळून झऱ्यांना, ओढ्यांना, भातशेतीला, सफरचंदाच्या बागांना पाणी पुरवतो. उशिरा पडलेला बर्फ टिकत नाही, लवकर वाहून जातो. म्हणजे आपल्याकडं मृगाच्या पावसाचं जे मोल, तेच तिथं चिल्लई कलानच्या बर्फाचं. हा बर्फ आणतात ते पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे थंड वारे आणि ढग. हवामान खातं त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतं. ते रुसले की हिवाळा कोरडा जातो. २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्ग जवळजवळ उघडं पडलं होतं. बर्फाऐवजी माती दाखवणारे ते फोटो देशभर फिरले.

माणसानं माणसाला ओढायचं?

गाडीतून उतरताच स्लेजवाल्यांनी गराडा घातला. स्लेज म्हणजे चाकं नसलेली लाकडी घसरगाडी. पुढं दोरी. आपण बसायचं आणि माणसानं ओढायचं. "सर, सस्ते में घुमाऊंगा," असा गलका. ह्यांना ते पटेना. "माणसानं माणसाला ओढायचं? मी नाही बसणार." त्या गर्दीतला एक पन्नाशीचा, पायघोळ फेरन घातलेला माणूस शांतपणे म्हणाला, "साहब, आप नहीं बैठोगे तो शाम को घर क्या ले जाऊँगा?"

यावर बोलणार काय? शेवटी लेकीनं तोड काढली. चढावर आम्ही चालायचं, उतारावर बसायचं, पैसे मात्र पूर्ण द्यायचे. उतारावर स्लेजवाला स्वतःही पुढं बसतो आणि टाचांनी वेग आवरतो. तिथं ओढण्याचा प्रश्नच नाही, नुसती मजा! पुढचे पाच दिवस तोच आमचा वाटाड्या झाला. फेरनच्या आत त्यानं कांगडी धरलेली असे. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं आणि त्यात निखारे, म्हणजे अंगाशी धरायची शेगडीच.

एकदा कहवा पिताना त्यानं विचारलं, तुमच्याकडं काय पिकतं? हे म्हणाले, कापूस. "और पानी?" ह्यांनी बोट वर करून आभाळ दाखवलं. तो हसला आणि त्यानंही बोट वर केलं. मग दोघांचं असं जमलं की विचारू नका. त्याची थोडी शेती होती आणि हिवाळ्यात स्लेज. बर्फ पडला नाही तर पर्यटक येत नाहीत, म्हणजे हिवाळ्याची कमाई बुडते. आणि पुढं ओढ्याला पाणी नाही, म्हणजे भातही बुडतो. एकाच न पडलेल्या बर्फाचा दोनदा मार! आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव इतकी वर्षं पेपरात कशासाठी येतं, ते मी सांगायला नको. आभाळाकडं पाहत बसण्याचं दुःख आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पायांना बांधल्या फळ्या

पण आलो होतो ते स्कीइंग शिकायला. गुलमर्गला हा खेळ इंग्रजांनी आणला. १९२७ साली त्यांनी इथं स्की क्लब काढला. आज केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि पर्वतारोहण शिकवणारी संस्था इथं आहे. तिचे बरेच दिवसांचे रीतसर वर्ग असतात. आमच्याजवळ तेवढे दिवस नव्हते, म्हणून तीन दिवसांसाठी शिक्षक ठरवला. पंचविशीचा पोरगा, मला "आंटी" म्हणणारा.

स्की हा शब्द मुळात नॉर्वेकडच्या जुन्या भाषेतला. त्याचा अर्थ फोडलेलं लाकूड. आता त्या पट्ट्या लाकडाच्याच नसतात, पण खरी परीक्षा असते ती बुटांची. घोटा हलू न देणारे ते जड बूट घातले आणि वाटलं, पायांना जात्याच्या तळ्या बांधल्या! पहिला तास नुसतं चालण्यात गेला. मग आडवं पाऊल टाकत चढ चढायचं, खेकड्यासारखं. आणि मग पडायचं कसं, याचा धडा. हो, तोसुद्धा शिकवतात! पुढं तोंडावर नाही की मागं पाठीवर नाही. कुशीवर, बसल्यासारखं पडायचं. तोल जातोय असं वाटलं की धडपडत उभं राहायचा हट्ट धरायचा नाही. मला हे फार आवडलं. आपल्याला लहानपणापासून 'पडू नको, पडशील' एवढंच सांगितलेलं असतं. नीट पडावं कसं, हे कुणी शिकवलंच नाही.

थांबायचं कसं? पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची आणि गुडघे वाकवून आतल्या कडांवर भार द्यायचा. इंग्रजीत याला 'स्नो-प्लाऊ' म्हणतात, म्हणजे बर्फाचा नांगर. नांगर म्हटल्यावर मला धीर आला. तो तर आपल्या घरचा!

पहिल्या दिवशी किती वेळा पडले ते मोजलं नाही. शेजारच्या उतारावर टनमर्गकडची पाच-सहा वर्षांची पोरं काठ्यांशिवाय सुळकन खाली जात होती. अशाच एका पोराची गोष्ट शिक्षकानं सांगितली. आरिफ खान त्याचं नाव. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या साहित्याचं दुकान. हा मुलगा २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेला. त्या वर्षी भारताचा तो एकमेव खेळाडू होता. आणि मुली? मनालीच्या आंचल ठाकूरनं जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं ते भारताचं पहिलं पदक. कर्नाटकात कॉफीच्या मळ्यांच्या कोडगू जिल्ह्यातली भवानी तर बर्फाशी काही नातं नसलेल्या मुलखातून येऊन स्कीइंगची खेळाडू झाली. हे ऐकल्यावर आर्णीच्या बाईनं तक्रार करायची सोयच उरली नाही.

शिवरात्रीचा बर्फ

दुसऱ्या दिवशी दुपारी गोंडोल्यात बसलो. गोंडोला म्हणजे तारेवरून जाणारी बंद पाळणागाडी. तिचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा २००५ मधला. तो अफरवत शिखराच्या अंगाला, जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. वर बर्फ भरपूर होता, नजर ठरत नव्हती. पण हवा विरळ. चार पावलं टाकली की छाती भरून येते. आम्ही दहा मिनिटं बसलो, पाणी प्यायलो आणि मगच हिंडलो.

२६ तारखेला महाशिवरात्र. माझा उपास. सोबत साबुदाणा होता, पण लॉजच्या आचाऱ्यानं बटाटे उकडायला घेतले ते काही केल्या शिजेनात. तेव्हा लेकीनं समजावलं की एवढ्या उंचीवर पाणी शंभर अंशांवर नाही, ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून डाळ-बटाटा शिजायला वेळ लागतो. कुकर नसेल तर मग धीरच धरायचा.

टेकडीवर राणीचं शिवमंदिर आहे. डोग्रा राजघराण्यातल्या मोहिनीबाई सिसोदिया यांनी ते १९१५ मध्ये बांधलं. 'आप की कसम' या १९७४ च्या सिनेमातलं शंकराचं गाणं इथलंच. ते मंदिर जून २०२४ मध्ये आगीत जळालं. आम्ही खालूनच हात जोडले. हात जोडून काय मागितलं ते सांगत नाही, पण माझ्या शेजारी तो स्लेजवालाही आभाळाकडंच पाहत होता.

आणि त्याच सुमारास हवा बदलली. ढग उतरले, वारा पडला आणि आवाज नाही, काही नाही, पिसं गळावीत तसा बर्फ पडायला लागला. पावसाची कशी चाहूल लागते! पत्र्यावर आवाज होतो, मातीचा वास सुटतो. बर्फाचं तसं काही नाही. खिडकीबाहेर नजर गेली तरच कळतं. सकाळी दार उघडलं तर पायरी नाहीशी झालेली, झाडं वाकलेली. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीवर गंजी लागाव्यात तसं सगळं पठार! हे अंगणात उभे राहून नुसते पाहत होते. म्हणाले, "मृग बरसला बघ यांचा. उशिरा का होईना."

बाहेर स्लेजवाले एकमेकांना मिठ्या मारत होते. आमच्यावाल्यानं त्या दिवशी कहव्याचे पैसे देऊ दिले नाहीत.

माझा शिकवणीचा तिसरा दिवस या ताज्या बर्फावर झाला. उतार फार मोठा नव्हता, आपल्या दोन घरांच्या अंगणाएवढा. गुडघे वाकवले, नजर पायांकडं न ठेवता समोर ठेवली, कारण नजर जिथं जाते तिथंच पाय जातात. आणि निघाले. कानाशी वारा, पायाखाली सर्रर्र असा आवाज. कुणी मागं नाही, कुणी हाक मारत नाही, गॅसवर काही ठेवलेलं नाही! खाली येऊन नांगर धरला आणि न पडता थांबले. मैत्रिणींनो, पंचवीस पावलांचा तो उतार. पण लग्नाला वीस-बावीस वर्षं झाल्यावर आपल्या शरीराला नवीन काहीतरी येतं, याचा आनंद केवढा असतो, तो ज्यानं त्यानंच घ्यावा.

पुढं ढकललेल्या त्या स्पर्धा ९ ते १२ मार्चला गुलमर्गलाच झाल्या. आम्ही घरी परतलो होतो. सासूबाईसुद्धा टीव्हीसमोर बसल्या होत्या. "त्याच पट्ट्या का वं?" असं त्यांनी चारदा विचारलं.

त्यानंतर

हे सगळं लिहिताना एक गोष्ट वगळता येत नाही. आम्ही परतलो आणि दोन महिन्यांच्या आत, २२ एप्रिल २०२५ ला, पहलगामजवळ पर्यटकांवर हल्ला झाला. २६ जणांचा जीव गेला. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा होते. किती घरांचं कुंकू पुसलं गेलं! त्या रात्री ह्यांच्या मोबाइलवर स्लेजवाल्याचा फोन आला. "आप लोग तो घर पर हैं ना?" एवढंच विचारलं आणि गप्प झाला. दोन्हीकडून कुणालाच बोलवेना. त्यानंतर काश्मीरमधली कितीतरी पर्यटनस्थळं काही काळ बंद राहिली. यंदा बर्फ पडूनही कुणी येणार नाही, ही नवीन चिंता त्याच्या वाट्याला आली.

म्हणून 'चला, सगळ्या काश्मीरला चला' असं मी सरसकट म्हणत नाही. ज्यानं त्यानं तेव्हाची परिस्थिती पाहून, सरकारी सूचना वाचून ठरवावं. पण जायचं ठरलं, तर नुसतं बर्फ पाहून, फोटो काढून परत येऊ नका. खाली उतरा, शिका, पडा.

जाणार असाल तर

• बर्फ जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मिळण्याचा संभव जास्त. तरीही हाताशी एक-दोन दिवस जादा ठेवा. बर्फ आपल्या सुट्टीप्रमाणं पडत नाही.

• कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत आता रेल्वेनं जाता येतं. ६ जून २०२५ ला ही गाडी सुरू झाली. चिनाब नदीवरचा प्रचंड पूल याच मार्गावर आहे. विमानाचं भाडं परवडत नसेल त्यांची मोठी सोय झाली.

• कापसाच्या गावची असून सांगते, अंगाला लागून सुती कपडा नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि ओला राहिला की थंडी भरते. आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं, त्यावर स्वेटर, वर पाणी न शिरणारा कोट. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे. साडीचा आग्रह तिथं सोडा.

• कोट आणि गमबूट टनमर्गला भाड्यानं मिळतात. मोजे आणि हातमोजे मात्र स्वतःचे, दोन-दोन जोड.

• बर्फावरून ऊन परततं आणि चेहरा काळवंडतो. क्रीम आणि काळा चष्मा हवाच. खोबरेल तेल रुंद तोंडाच्या डबीत न्या, बाटलीत ते गोठून बसतं.

• खोलीत बुखारी किंवा कांगडी पेटती ठेवून, दारं-खिडक्या घट्ट लावून झोपू नका. निखाऱ्यांचा विषारी वायू कळतही नाही आणि जीव घेतो.

• रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोहोचल्याच्या दिवशी विश्रांती घ्या, लगेच उंचावर जाऊ नका.

• स्लेज, घोडा, शिक्षक यांचे दर आधीच ठरवा. घासाघीस जरूर करा, पण ठरले तेवढे पूर्ण द्या.

• शिदोरीत जवसाची चटणी, तिळगूळ, शेंगदाणे असू द्यात. थंडीत भूक फार लागते.

पाटल्या अजून झालेल्या नाहीत. त्याचं काही वाटत नाही. पण आता डिसेंबर संपत आला आणि बातम्यांत काश्मीरचं हवामान लागलं की हे हातातलं काम टाकून टीव्हीचा आवाज वाढवतात. पावसाची बातमी ऐकतात ना, अगदी तस्साच!